म्हशीच्या मागे आलेली नदी

ही गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही, आणि मानलीत तर नामदेव तुमच्यावर रुसेल. उभ्या जन्मात आपल्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवलेला त्याला खपला नाही. ऐकणाऱ्यानं आधी डोळे मोठे करावेत, मग मिशीत हसावं, मग पाठीवर थाप मारून "काय फेकतोस रे नाम्या" म्हणावं, एवढंच त्याचं मागणं. तेवढ्यावर तो दिवसभर खूश असायचा. हरणी नदीत त्यानं धरलेल्या माशाच्या पोटात देवळाची हरवलेली घंटा निघाली होती, आणि आरतीची वेळ झाली तशी ती कढईतच वाजली होती. डोंगरावरून हरणी एवढी जोरात उतरायची, की तिचा आवाज गावात आधी पोचायचा आणि पाणी नंतर. अशा त्याच्या थापा. पण सगळ्यांत मोठी थाप म्हशीची. ती तो वर्षातून एकदा तरी सांगायचाच.

"पुराचा दिवस. हरनी शेजारच्या आप्पाच्या घरात घुसली. आप्पा बाजाराला गेलेला, घरात नवी नवरी एकटी. माजी चांदी म्हैस उगवतीला त्यांच्याच कुरनात अडकलेली. तिनं काय करावं? नवरीला पाठीवं घेतली आन उंबराखालनं पोहत निघाली, मावळतीला, आमच्या घराकडं. नवरीनं भ्यानं डोळे घट्ट मिटलेले. नदीला नवरी आवडली का म्हैस आवडली, मला नाय माहीत. पन ती आपलं अंथरून टाकून म्हशीच्या मागं मागं चालत आली. म्हैस कातळावं चढली, नदी कातळाखाली निजली. ती तिथंच ऱ्हायली."

लोक पोट धरून हसायचे. ती नवरी म्हणजे गोजरा. तिला कोणी विचारलं, "काय गो, खरं का हे?" तर ती पदर नीट करून म्हणायची, "ज्यानं सांगितलं त्याला इचारा."

पुढं हरणीवर धरण झालं. सावरखिंड गाव, देऊळ, उंबर, कातळ, सगळं पाण्याखाली गेलं. काही लोक वरच्या माळावर नव्या वसाहतीत राहिले, गोजरा त्यांतलीच. नामदेव, त्याची बायको मालतीबाई आणि मुलगा मिथुन खाली करंजाड्याला आले. नवी मुंबईच्या त्या टोकाला, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या. मिथुनचं लग्न तिथंच झालं. तिथल्या नळाला जे पाणी यायचं ते हरणीचंच. नामदेव सकाळी नळाखाली तळहात धरायचा, एक घोट घ्यायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "आज देवळामागचं पानी हाय." दुसऱ्या दिवशी, "आज पाटलाच्या विहिरीवरनं आलंय, जरा गर्वाचं लागतंय."

"बाबा, आधी हंडा भरू द्या," सून निशिगंधा म्हणायची. "पाणी तासभरच आहे. गर्वाचं असू दे नाहीतर गरिबाचं."

त्या वर्षी पाणी खरंच तासभरच येत होतं. पाऊस लवकर परतला होता, धरण खोल गेलं होतं. सोसायटीत रोज भांडणं, टँकरपुढं रांगा. वॉचमननं निशिगंधाला सगळ्यांदेखत सुनावलं, "वहिनी, तुमच्या घरातून दोन दोन हंडे खाली जातात, हातगाडीची भाजी धुवायला. सोसायटीचं पाणी आहे हे." ती हंडा कमरेवर घेऊन चार जिने चढली आणि ओट्यावर ठेवताना तो जरा जोरात आपटला, एवढंच.

मिथुन आतल्या खोलीत पाठीवर पडलेला होता. उरणच्या यार्डात ट्रेलरवरून उतरताना पाय सटकला होता आणि कमरेला पट्टा आला होता. डॉक्टर म्हणाले, पावसाळा लागेपर्यंत वजन उचलायचं नाव काढू नको. घर चाललं होतं ते निशिगंधाच्या हातगाडीवर.

म्हणून शहर धरणाच्या नावानं बोटं मोडत होतं, तेव्हा हे घर मनातल्या मनात खूश होतं. पाणी जेवढं खाली जाईल तेवढी जुनी जमीन उघडी पडते. जाताना पाणी तिच्यावर काळाभोर, लोण्यासारखा गाळ सोडून जातं. त्यात काकडी, शिराळी, कलिंगड लावायचं आणि पावसाआधी काढून न्यायचं. गाळपेर म्हणतात तिला. दर उन्हाळ्यात सावरखिंडीची माणसं जिथं असतील तिथून येऊन ती करायची. पण दर वर्षी वरचीच शेतं उघडी पडत, आणि नामदेवचं वरचं शेत म्हणजे नुसता खडक. यंदा वसाहतीतून निरोप आला: बेट उघडं पडलंय.

"बेट म्हणजे?" निशिगंधानं विचारलं.

मालतीबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "आपलं बेट," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडं बघून परत तांदूळ निवडायला लागली.

*

मिथुनजवळ मालतीबाईला ठेवून सासरा-सून एसटीनं निघाली आणि पुढं सहा आसनी रिक्षानं वर गेली. निशिगंधानं हे गाव कधी पाहिलं नव्हतं. खिंडीच्या वळणावर नामदेवनं रिक्षा थांबवली.

"ती बघ. ती वर धूरकट सुळका दिसतोय ना, तिथनं निघते. निघते तवा एवढीशी, गाईच्या खुरात मावंल. मंग तीन उड्या मारते. पयल्या उडीला तिचं पानी हिरवं असतं, दुसऱ्या उडीला पांढरं, तिसऱ्या उडीला घाबरून निळं पडतं. मंग खाली येऊन लाजल्यासारखी चालते. आमच्या गावात आली की पाय दुमडून बसायचीच."

"आणि आता?"

"आता झोपलीय."

खाली डोंगरांच्या कुशीत पाणी निश्चल पडलेलं होतं. त्यात आभाळ इतकं स्पष्ट होतं, की वर कोणतं आणि खाली कोणतं हे निशिगंधाला क्षणभर कळेना. काठाकाठानं भेगाळलेल्या गाळाचे पट्टे होते, पाणी जसजसं उतरलं तसे एकाखाली एक. सगळ्यात खालच्या पट्ट्यात एक वाळलेलं उंबराचं खोड उभं होतं, फांद्यांना शेवाळाच्या झिरमिळ्या. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर मावळतीला एक काळा कातळ. उंबराखालून एक कोरडं पात्र जात होतं, कातळाखालून दुसरं. दोन्हींच्या मध्ये चटईसारखी पसरलेली काळी जमीन. तेच बेट.

निशिगंधा चपला हातात घेऊन त्यात उतरली. पाय घोट्यापर्यंत आत गेला, खाली गार लागलं. तिनं मूठभर गाळ उचलून दाबला, त्याच्यावर बोटं जशीच्या तशी उमटली. "बाबा," ती म्हणाली, "इथं तर दगड लावला तरी वेल येईल."

त्याच दुपारी तिनं आळी खणायला घेतली.

ते तिचं चुकलं. सावरखिंडीत हद्द चालल्याशिवाय कोणी कुदळ मारत नसे. सरकारी नकाशात इथं फक्त निळा रंग होता, तेव्हा कोण कुठं पेरणार ते गावानंच आपसात ठरवायचं. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं अनवाणी आपली हद्द चालायची, मुक्यानं नाही, बोलत बोलत, ही हद्द इथून का आणि कशी ते सांगत. मागून गावकीचं बघणाऱ्या मधुकरनं नारळ घेऊन जायचं. नारळ फुटेपर्यंत ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी वेगळं पाहिलंय त्यानं "खोटं" म्हणायचं. नारळ फुटला की संपलं, त्यानंतर भांडायचं नाही. आणि एक जुना नियम: नदी सरकली तरी हद्द सरकत नाही. आजा-पणजाच्या वेळी नदी जिथं होती, ती हद्द.

नामदेवच्या आणि आप्पाच्या शेतामध्ये हद्द म्हणून हरणीच होती. मावळतीला नामदेव, उगवतीला आप्पा. आता पात्रं दोन दिसत होती. जुनी हद्द उंबराखालून धरली तर बेट नामदेवचं. कातळाखालून धरली तर बेट आप्पाचं, म्हणजे आप्पा गेल्यावर आता गोजराचं. आणि धरणाआधी कितीतरी वर्षं बेटावर आप्पा वांगी लावताना सगळ्यांनी पाहिला होता. त्यामुळं गावाला वाटायचं ते आप्पाचंच. उंबराखालची नदी पाहिलेले एकेक करून गेले होते. राहिला होता नामदेव. आणि नामदेवचं कोण ऐकतो!

"नाम्या, सून लय घाईची हाय रे," मधुकर काठावर बसून विडी शिलगावत म्हणाला. "हद्द चालायच्या आदी आळी? शेहरात अशीच पद्धत का?"

आजूबाजूचे हसले. निशिगंधा कुदळ हातात धरून उभी राहिली, कानापर्यंत लाल. मग तिनं पुन्हा कुदळ मारली, पण आता प्रत्येक घावाचा आवाज तिला मोठा वाटायला लागला.

*

दिवस कामाचे होते. निरगुडीच्या चार काठ्या आणि जुनी साडी, एवढा मांडव. भल्या पहाटे उठून निशिगंधा वसाहतीतून शेणखत पाटीनं खाली आणायची. नामदेव हंड्यानं पाणी आणून आळ्यांत ओतायचा. पाणी रोज थोडं लांब जायचं. काल जिथं हंडा बुडवला तिथं आज नुसती ओल असायची, आणि वाट तेवढी वाढायची. संध्याकाळी त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. निशिगंधाच्या तळव्यांना फोड आले, फुटले, त्यावर गाळ सुकून कातडीसारखा झाला.

खणताना गाळातून गाव वर यायचं. कौलाचा तुकडा. जात्याची तळी. एका ठिकाणी दगडी उंबरठा लागला, आणि नामदेव त्यावर बसून राहिला, जणू मागून कोणी "चहा घेता का" म्हणणार आहे.

"कोणाचं घर?"

"पाटलाचं. ह्यातनं आत जाताना वाकावं लागायचं. मांजरालाबी."

ती हसली, पण मग त्याच्याजवळ येऊन बसली. "बाबा, खरं सांगाल?"

"माज्याकडनं?"

"आई म्हणाल्या, नदी उंबराखालून होती, त्यांच्या सासूनं सांगितलंय. बेट आपलं. बाबांना तेवढं बोलायला सांग, म्हणाल्या."

नामदेव गाळात बोटानं रेघ ओढत होता.

"ही एवढी आळी आहेत," निशिगंधा म्हणाली. "वेल धरले तर मिथुन पावसाळ्यापर्यंत उठला नाही तरी चालेल. नाहीतर तो पट्टा सोडून जाईल परत यार्डात. ओळखते मी त्याला. तुम्हाला फेकायचं नाहीये बाबा. फक्त जे होतं ते सांगायचंय. एकदाच."

"सांगन," नामदेव म्हणाला.

पण आयुष्यभर तो फुकट थापा मारत आला होता. त्या थापांनी कोणाच्या ताटातला घास गेला नव्हता, त्याच्याही ताटात पडला नव्हता. आता पहिल्यांदाच खरं बोलायचं होतं, आणि त्या खऱ्याबद्दल एवढी मोठी काळी जमीन मिळणार होती. खरं बोलायची त्याला लाज वाटत होती, चोरी करायला निघाल्यासारखी.

पूर ओसरला त्या दिवशी आप्पा कातळावर आला होता, हे त्याला आठवत होतं. "नामा, तुजं शेत माज्या अंगाला आलंय. पेरू?" आणि नामदेव म्हणाला होता, "पेर की. नदीनं दिलंय, मी कोन नको म्हनायला?" दोघांशिवाय ते कोणाला माहीत नव्हतं. पुढं दर वर्षी आप्पाकडून वांग्यांची एक पाटी यायची, धरण होईपर्यंत.

*

गोजरा उंबराच्या वर, वाळू साचलेल्या पट्ट्यावर एकटी काम करत होती. तिचं शेत उघडं पडलं होतं, पण त्याच्यावर गाळ नव्हता, वाळू होती. चवळीचे कोंब उगवून करपले होते. नामदेव दुपारी तिकडं गेला. तिनं भाकरीवर सुकटीची चटणी घालून पुढं केली.

"दिवाळे गावातनं लेकीनं पाठवली. मासळी इकते ती, मला सुकट. येवा भावजी. नदी काय म्हनते आज?"

"निजलीय. कूस बदलते मधनं मधनं."

"तुमाला कळतं?"

"पायाला कळतं. पहाटे गुडघाभर पान्यात उभा ऱ्हायलो ना वयनी, की वरचं पानी कोमट लागतं, आन तळाशी एक गार धार जाते, बोटांमधनं. ती जुनी हरनी. धरनाला अजून कळलं नाय, ती आत चालते म्हनून."

गोजरा हसली. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळं हसू मोठं दिसलं. मग ती करपलेला एक कोंब उपटून बोटांत फिरवत म्हणाली, "तुमची सून लय राबते. माज्या मांडवातनं दिसते."

"तिला घाई हाय."

"मला नाय घाई," गोजरा म्हणाली. "एकटीला कितीक लागतं." तिनं हात झटकले. हात खडबडीत, कोपरापर्यंत वाळूनं पांढरे. "आमच्या ह्यांनी त्या बेटावं लय जीव लावला. वांगी लावायचे."

"माज्या घरी यायची."

"हां. का यायची कोन जाने," गोजरा म्हणाली आणि त्याच्याकडं सरळ बघितलं. "हद्द चालाल तवा नीट चाला, भावजी. गाळात पाय घसरतो."

तिला काही माहीत नाही, असं नामदेव धरून चालला. नवी नवरी, दोन दिवसांची, पाण्यानं भ्यालेली. डोळे मिटून म्हशीच्या पाठीवर.

*

हद्द चालायचा दिवस उजाडला तेव्हा पाण्यावरून धुकं वाफेसारखं उठत होतं. डोंगर नव्हते, काठ नव्हता, उंबर आणि कातळ तेवढे हवेत टांगल्यासारखे दिसत होते. माणसं धुक्यातून एकेक करून आली. मालतीबाईही आली होती, मिथुनला शेजारणीच्या हवाली करून, पहाटेच्या गाडीनं. निशिगंधानं आळ्यांभोवती हात फिरवून माती थापली होती, लग्नघर सारवावं तशी.

इतरांच्या हद्दी चालून झाल्या. नारळ फुटले. मग मधुकर म्हणाला, "चल नाम्या. आज तरी थोडकं सांग."

नामदेवनं चपला काढल्या. गाळ गार होता. एका अंगाला उंबर, एका अंगाला कातळ. निशिगंधा उंबराच्या बाजूला जाऊन उभी होती, तो तिथूनच निघणार म्हणून. गोजरा लांब, तिच्या वाळूच्या कडेला.

तो वळला आणि कातळाकडं चालायला लागला.

"अवो," मालतीबाई हळूच म्हणाली. तेवढंच.

कातळाखालच्या कोरड्या पात्राशी तो पोचला आणि त्यातून चालू लागला. चालताना बोलायला लागला. "ही जुनी नदी. आज्याच्या, पंज्याच्या वेळची. हितनंच व्हती, कातळाखालनं. मंग पूर आला."

"आली म्हैस," कोणीतरी म्हणालं. हशा.

"आली," नामदेव म्हणाला. त्याचा आवाज रंगात येत होता. खोटं रचायला लागला की तो तरुण व्हायचा. "चांदी म्हैस आमच्या गोठ्यात. आप्पाची नवरी आमच्याकडं हळदीकुंकवाला आलेली, पूर बघून घाबरली, मला घरी जायचंय म्हनाली. म्हैस म्हनाली, बस. कातळावनं निघाली ती उगवतीला, उंबराकडं. नवरीचे डोळे घट्ट मिटलेले. आन नदी उठली, म्हशीच्या मागं मागं गेली. म्हैस उंबराला टेकली, नदी उंबराखाली निजली. म्हंजी उंबराखालचं पात्र नवं. कातळाखालचं जुनं. हद्द ही. बेट आप्पाचं. गोजरावयनीचं."

लोक हसत होते. गोष्ट उलटी झालीय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. म्हशीच्या गोष्टीत म्हैस कुठून कुठं गेली हे कोण लक्षात ठेवतो! शिवाय गाव जे धरून चाललं होतं तेच तो म्हणत होता. नाम्या पहिल्यांदाच बरोबर बोलला, असं एकजण म्हणालाही.

निशिगंधा हसली नाही. तिनं आपल्या आळ्यांकडं बघितलं, मग सासऱ्याच्या पायांकडं. घोट्यापर्यंत गाळानं माखलेले ते म्हातारे पाय कातळाच्या पात्रात ठाम उभे होते. ती खाली वाकली आणि कुदळ उचलून खांद्यावर घेतली. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण हात मातीचे होते. मालतीबाईनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याकडं पाठ फिरवली.

नामदेवला ते दिसलं. त्याला वाटलं, ही आपली शेवटची थाप. हिच्यापुढं आता कोणतीच रंगायची नाही. पायाखाली गाळात एक गार धार सरकल्यासारखी वाटली.

मधुकरनं नारळ डोक्याच्या वर उचलला. "कुनाला काय म्हनायचंय?" त्यानं रिवाज म्हणून विचारलं. या हद्दीला कोण काय म्हणणार!

"खोटं!"

धुक्यात आवाज आधी आला आणि माणूस मागून. गोजरा वाळू तुडवत येत होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात खुरपं. नारळ मधुकरच्या डोक्यावरच राहिला.

"वयनी, तुमाला..." नामदेव म्हणाला.

"गप ऱ्हा तुमी. जन्मभर बोललाव." ती उंबराच्या खोडाशी येऊन थांबली, त्यावर तळहात टेकला. दम खाल्ला. मग सगळ्या गावाकडं बघून म्हणाली, "म्हैस हितनं निघाली. ह्या उंबराखालनं, जुन्या पात्रातनं. मी तिच्यावं व्हती, माज्या हातात तिचं शिंग व्हतं. आन माजे डोळे मिटलेले व्हते म्हनून हा मानूस जन्मभर सांगतोय, तेबी खोटं. टक्क उघडे व्हते. नदी उठून आमच्या मागं आली, ते मी बघितलं. पन ती तिकडं आली, भावजी, तुमच्या कातळाकडं. हिकडं नाय."